ते वाक्य मी झेललं

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "शोभाताई, तुम्ही सत्तावीस वर्षं लोकांना हसवलं. दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं द्या. गमतीजमती." मी हो म्हणून बसले आणि लिहायला घेतलं. तीनदा कागद फाडला. गमतीजमती पुष्कळ आहेत, त्यातल्या एक-दोन सांगीनही, पण लिहायला बसलं की डोकं तापतं. तेव्हा ज्यांना फराळाबरोबर गोडच वाचायचं असेल त्यांनी सरळ पान उलटावं. मला वाईट वाटणार नाही.

आधी आमचा धंदा काय होता ते सांगते, कारण तो बहुतेकांना कळलेला नाही. आमचं चौघांचं पथक पांढरकवड्याचं. आठवडी बाजारात, ग्रामपंचायतीसमोर, कधी कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, जाऊन विनोदी खेळ करायचे. फवारणी करताना तोंडाला फडकं बांधा, बाळंतपण दवाखान्यात करा, पोरीला दहावीनंतर घरी बसवू नका, असा एखादा निरोप त्यात घालायचा. निरोप सांगणारे साहेब बदलत गेले, खेळ आमचाच राहिला. आणि या खेळाला कागद नव्हता. लोकांनाच विचारायचं, "बोला, आज काय दाखवू?" कुणी ओरडायचं सासू-सून, कुणी तलाठी, कुणी मुद्दाम अडचणीत आणायला म्हशीचं बाळंतपण. मग ढोलकी वाजेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात उभं राहायचं. कोण काय बोलणार हे बोलणाऱ्यालाही माहीत नसायचं.

याला इंग्रजीत इम्प्रॉव्ह म्हणतात आणि मोठ्या शहरांत त्याच्या कार्यशाळा होतात, हे मला या धंद्यातल्या पंचविसाव्या वर्षी कळलं.

लोक म्हणायचे, तुमचं बरं आहे, मनाला येईल ते बोलता. माझ्या भावानंही हेच म्हटलं होतं. आमचं घर नोकरदारांचं, वडील कचेरीत, भाऊ बँकेत, आणि मी बाजारात उभी राहून सासूची नक्कल करणारी. त्याला मी सांगायची, मनाला येईल ते बोलणं हे घरी होतं. खेळात समोरच्याच्या मनाला काय आलं ते ऐकावं लागतं. सगळा धंदा कानाचा आहे, तोंड नंतर.

समोरच्यानं जे दिलं ते खरं मानायचं, हा आमचा कायदा. तो म्हणाला, "आई, बैल हरवला," की तुम्ही त्याची आई आणि बैल हरवलेला. "मी कुठली तुझी आई?" म्हटलं तर हशा मिळतो, नाही असं नाही. पण तो माणूस तिथं उघडा पडतो. त्यानं बांधायला घेतलेलं घर तुम्ही चार लोकांसमोर पाडलेलं असतं. आम्ही याला झेलणं म्हणायचो. आलेलं वाक्य खाली पडू द्यायचं नाही. झेलायचं, त्यात आपली थोडी भर घालायची आणि परत द्यायचं. हे इतकं अंगात मुरावं लागतं की विचार करायला वेळच लागू नये. माझ्या अंगात ते मुरलं होतं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

मला हे शिकवलं रफीकभाईंनी. हायवेला लागून त्यांचं वाइंडिंगचं दुकान होतं. ट्रकचे डायनामो, विहिरीवरच्या मोटारी, घरातले पंखे, जे जळेल ते त्यांच्याकडे यायचं. सकाळभर तांब्याची तार गुंडाळायची आणि दुपारी आमच्या जीपमध्ये बसायचं. अंगानं किरकोळ, आवाज साधा, चेहरा असा की एकदा पाहिला तर लक्षात राहणार नाही. त्यांच्या वाक्याला फारसं कुणी हसायचं नाही. हसायचे ते त्यांच्या पुढच्याच्या वाक्याला. ते वाक्य तिथं कुणी आणून ठेवलं हे लोकांना कळायचं नाही, आम्हाला कळायचं.

माझ्या पहिल्याच वर्षी एका पोडावर मी नर्स झाले होते आणि रफीकभाई टोचून घ्यायला घाबरणारा म्हातारा. समोर दीडशे माणूस. मी तोंड उघडलं आणि डोकं कोरं. एक शब्द नाही. दहा सेकंद गेली, वीस गेली, पुढच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. रफीकभाई हळूच लोकांकडे वळले आणि म्हणाले, "सिस्टर माह्यावर रागावल्या जी. मागच्या टायमाला मी पळून गेलतो ना. आता त्या बोलतच नाई माह्याशी." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "बाई, बोलू नका, पण बोटानं तरी दाखवा, कुठं टोचता?" मी बोट दाखवलं. लोक लोळले. तो अख्खा खेळ मी एक शब्द न बोलता केला आणि लोकांना वाटलं, काय नटी आहे! परतताना मी जीपमध्ये रडले. रफीकभाई म्हणाले, "रडता कायले? तुमी गप्प होत्या, मी ते घेतलं. बस."

एकदा बाजारात एक पिऊन तर्र झालेला गडी सरळ खेळात घुसला. दुसऱ्या कुणी त्याला हाकललं असतं. रफीकभाई लगबगीनं उठले, त्याला नमस्कार घातला, "या सरपंचसाहेब, तुमचीच वाट पाहून राह्यलो," म्हणून आमची एकुलती एक खुर्ची दिली. तो गडी शेवटपर्यंत ताठ बसून होता. मध्ये दोनदा मान हलवून न्यायही दिला. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच बाजारात गेलो, तर हा धुतलेला सदरा घालून हजर. शुद्धीत. म्हणतो, "भाऊ, आज मी कोण?"

रफीकभाईंचा अजून एक कायदा होता. ते म्हणायचे, "सोंगावर हासा, माणसावर नाई." खेळातला म्हातारा कंजूष आहे, त्याच्या कंजूषपणावर हवं तेवढं तोंडसुख घ्या. पण म्हातारा झालेल्या माणसाच्या घरचं, अंगाचं, धंद्याचं काही काढायचं नाही. आमचे ढोलकीवाले देवराव एका डोळ्यानं तिरळे. विनोद करणाऱ्याला तो डोळा म्हणजे रस्त्यात पडलेला आंबा. इतक्या वर्षांत त्या डोळ्यावर एक वाक्य झालं नाही. देवरावांना हे माहीत होतं, म्हणूनच ते आमच्यात आरामात बसू शकायचे.

मग अविनाश आला. यवतमाळचा, पंचविशीतला, नागपूरला जाऊन दोन कार्यशाळा केलेला. हुशार होता, हे मी रागातही नाकारत नाही. आवाज चांगला, अंगात चपळाई, कुणाचीही नक्कल करायचा. पण त्याला खेळ नको होता, हशा हवा होता. पहिल्याच आठवड्यात रफीकभाई त्याला म्हणाले, "लेका, कापूस गाडीत भरला का?" हा म्हणतो, "कोण लेका? मी तर मीटर रीडिंगवाला!" हशा आला. रफीकभाईंनी क्षणात तेही घेतलं: "अरे, अंधारात पोरगा समजून बायकोनं जेवाले बी वाढलं याले!" खेळ सावरला.

मी नंतर अविनाशला बाजूला घेतलं. "असं कापाचं नाई बाप्पा कोणाले."

"हशा आला ना, मॅडम?"

"तुले आला. त्यांले काय उरलं?"

"चाचा सिनियर आहेत. ते सांभाळतात."

हेच तर होतं. ते सांभाळायचे म्हणून हा काहीही फेकायचा. झेलणारा चांगला असला की फेकणाऱ्याला आपण फार मोठे आहोत असं वाटायला लागतं. आणि मी पथकाची मुख्य. मी त्याला तेव्हाच घरी पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं, कारण गर्दी वाढली होती. तो फोनवर खेळाचे व्हिडिओ घेऊन सगळीकडे पाठवायचा, ते पाहून पोट्टे लांबून यायचे आणि विचारायचे, तो व्हिडिओवाला आला का? भरलेला बाजार मलाही आवडत होता. हे आज लिहिताना माझाच मला राग येतो.

त्याच वर्षी रफीकभाईंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. त्यांनी लपवलं नाही. जीपमध्ये आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं. "डॉक्टर म्हणते हे वाढत जाते. वाइंडिंग बंद केलं मी. तार सरळ बसतच नाई. दुकान पोराकडं." मग हसून म्हणाले, "पण इथं कोणी तार गुंडाळाले सांगत नाई. इथं बोलाचं काम हाये, अन् तोंड अजून आपलं हाये." त्यांच्याजवळ आता एवढंच काम उरलं होतं. आम्ही ठरवलं की त्यांनी बसून करायचे म्हातारे घ्यायचे आणि हातात दुपट्ट्याचं टोक धरायचं, म्हणजे थरथर दिसणार नाही. अविनाशही म्हणाला, "चाचा, टेन्शन नका घेऊ." मी माझ्या कानांनी ऐकलं.

मारेगावचा खेळ होता. दुपारी चारचा बाजार, ऊन उतरलेलं, मैदान खचाखच. लोकांनी विषय दिला: पोरगी पाहायला पाहुणे आले. रफीकभाई पोरीचा बाप, मी आई, अविनाश नवरदेव. सुरुवात छान झाली. मी म्हटलं, "अवो, पाहुण्यांले सुपारी तं द्या." माझ्या तोंडून गेलं. खेळात बापानं सुपारी कातरून द्यायची असते, मी काही वेगळं बोलले नव्हते, पण रफीकभाईंना दुपट्टा सोडावा लागला. अडकित्ता धरल्यासारखा हात त्यांनी वर केला, आणि तो हलायला लागला.

पुढच्या रांगेतलं एक पोट्टं हसलं. तेवढं अविनाशला पुरलं.

"मामाजी, सुपारी कातरता की वाऱ्यावर उडवता?" असं म्हणून तो उठला, त्यानं रफीकभाईंचं मनगट धरलं आणि हात वर करून लोकांना दाखवला. "पाहा हो पाहा! आयुष्यभर लोकांचे पंखे दुरुस्त केले, आता सोताच पंखा होऊन राह्यले!"

मैदान फुटलं. हा सोंगातला बाप नव्हता. हे पांढरकवड्याचे रफीकभाई होते, त्यांचं बंद पडलेलं दुकान होतं, त्यांचा आजार होता. तिथल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याकडून विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करून घेतलेल्या होत्या. सगळ्यांना कळलं कुणाबद्दल चाललंय.

आणि मी काय केलं? मी थांबवू शकत होते. मी आई होते, म्हणू शकत होते, "हात सोड त्यांचा, आमाले नाई द्याची पोरगी." एवढं एक वाक्य. लग्न मोडलं असतं, खेळ वेगळीकडे गेला असता, हात सुटला असता. हे वाक्य मला नंतर सुचलं आणि तेव्हापासून रोज सुचतं. त्या वेळी माझ्याकडे एक वाक्य आलं आणि मी ते झेललं. विचार केलाच नाही. सत्तावीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली: "अवो जावईबुवा, हसू नका! या हातामुळं आमच्या घरात रवी लागत नाई. गाडगं धरलं की ताक तयार!"

त्या दिवसाचा सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला आला. शिट्ट्या आल्या. आणि त्या हशामध्ये मला, खोटं कशाला बोलू, दोन क्षण बरं वाटलं.

मग मी रफीकभाईंकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. क्षणभरच. मग त्यांनी अविनाशच्या मुठीतून हात हळूच सोडवून घेतला, दोन्ही हातांत गाडगं धरल्यासारखं केलं आणि हात जितका थरथरतो त्याच्या दुप्पट हलवला. लोक पोट धरून हसत असताना त्यांनी ते ताक ओतल्यासारखं केलं, अविनाशपुढे धरलं आणि म्हणाले, "घ्या जावईबुवा. थंडं हाये. पोटातली आग शांत होईन." टाळ्या थांबेनात. त्यांनी आमच्या दोघांचीही वाक्यं खाली पडू दिली नाहीत.

परतताना ते मागच्या सीटवर दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले होते. अविनाश पुढे बसून फोनवर तेवढा तुकडा कापत होता. देवरावांना म्हणाला, "काका, पाहा तर!" देवराव खिडकीबाहेर पाहत राहिले.  

दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्हिडिओ गावभर. माझ्या भाचीनं पाठवला, दूधवाल्यानं दाखवला. भाजी घेताना एक बाई म्हणाली, "तुमीच ना त्या ताकवाल्या काकू?" मी अविनाशला फोन लावला. आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या एवढ्या शिव्या दिल्या. नालायक, हलकट, सगळं. तू यापुढे आमच्यात नाहीस म्हणाले. आणि तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढ म्हणाले.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "मॅडम, माझ्या वाक्याला हसले लोक. पण शिट्ट्या तर तुमच्या वाक्याला आहेत. आधी तुमचं काढू का?"

मी फोन ठेवला. 

तो व्हिडिओ अजून आहे. अविनाश आता नागपुरात असतो, त्याचं बरं चाललंय. परवा कुणीतरी मला त्याच्या कार्यशाळेचं पत्रक पाठवलं. विषय काय, तर मंचावर सहकलाकाराचा सन्मान आणि साथ! मी त्या कार्यशाळेला गेलेल्या एका मुलीला विचारलं, काय शिकवतो? ती उत्साहानं म्हणाली, "एक क्लिप दाखवतात सर. तिघंजण एकमेकांचं वाक्य कसं उचलतात बघा. त्यातले ते म्हातारे काका तर ग्रेट आहेत." मला त्या मुलीवर ओरडावंसं वाटलं. पण ती चुकीचं काय म्हणत होती? कायद्यानं पाहिलं तर त्या तुकड्यात सगळं बरोबर आहे. कुणी कुणाला नाकारलेलं नाही. प्रत्येकानं झेललंय आणि भर घातली आहे. माझा संताप तिथंच आहे. साथ द्यायची म्हणजे माणसाला द्यायची, वाक्याला नाही, हे कुठल्याच पत्रकात नसतं. आणि ज्या बाईनं हे सत्तावीस वर्षं इतरांना सांगितलं तिला ते नेमक्या वेळी आठवलं नाही.

फोनवर भांडले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी रफीकभाईंच्या घरी गेले. ते पुढच्या खोलीत बाजेवर बसले होते. मला पाहून म्हणाले, "या ताई, बसा." मी बसले. मी वाक्यं पाठ करून गेले होते, आयुष्यात पहिल्यांदा. त्यातलं एकही आलं नाही. "रफीकभाई, चुकलं माह्यं," एवढंच म्हणाले आणि रडू फुटलं.

"काहून रडता? अविनाशनं फेकलं, तुमी झेललं. मी बी झेललंच ना?"

"तुमी काहून झेललं? उठून जायाचं होतं. माह्या तोंडावर थुंकाचं होतं."

"अन् खेळ?" ते म्हणाले. "तुमी दोघं तिथं उभे. मी उठून गेलो असतो तं तुमचं काय झालं असतं?"

मी म्हटलं, अविनाशला काढलं आहे. आपण तिघंच करू. पूर्वी करत होतोच. पुढच्या बुधवारपासून या. त्यांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही. म्हणाले, "तुमच्यावर राग नाई ताई. खुदा कसम नाई. पण आता समोरून काई आलं, तं मी आधी हात लपवीन, मंग झेलीन. तेवढ्यात वाक्य पडते."

तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली. दोन कप. एक माझ्या हातात दिला, दुसरा त्यांच्याजवळ स्टुलावर ठेवला. मी चहा प्यायले. ते पावसापाण्याचं, देवरावांच्या मुलाच्या नोकरीचं बोलत राहिले. हात शालीत होते. मी म्हटलं, "चहा घ्या ना." "घेतो, घेतो. लय गरम हाये." मी माझा कप खाली ठेवला. त्यांचा भरलेलाच होता. सून आतून डोकावली, म्हणाली, "अब्बा, ठंडा हो रहा है, पी लेव ना." ते तिला म्हणाले, "बाद में."

जीपमध्ये, धाब्यावर, बाजारात, इतकी वर्षं या माणसानं माझ्याबरोबर चहा प्यायला होता. हात थरथरायला लागल्यावरही, बशीत सांडत, हसत प्यायला होता. मी कपाकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, आणि मला समजलं.

मी घाईनं उठले. ते अजून थोडं बसा म्हणाले, पण मी थांबले नाही. मी तिथून गेल्याशिवाय त्यांना चहा पिता येणार नव्हता.